पडून उठणारी बाहुली

तंजावरहून दक्षिणेस पट्टुक्कोट्टैच्या वाटेला लागले असता सुमारे पंचवीस किलोमीटरांवर ओरत्तनाडु हे गाव येते. भोवताली कालव्याच्या पाण्यावर पिकणारी भातशेती आणि नारळीच्या बागा आहेत. गावात एक जुने छत्र आहे. छत्र म्हणजे वाटसरूंना निवारा आणि अन्न देणारी धर्मशाळा. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ हे छत्र उभारिले, आणि तिच्याच नावावरून गावाला मुक्तांबाळपुरम असे दुसरे नाव मिळाले. रामेश्वराला जाणारे यात्रेकरू येथे विसावत, आणि मुलांच्या शिक्षणाचीही येथे सोय होती. याच सरफोजींनी १८०५ साली तंजावरास देवनागरी छापखाना काढिला व पुढील वर्षी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने इसापच्या गोष्टी मराठीत छापविल्या. मुलांच्या हातात काय पडावे याचा विचार करणारा हा राजा होता, असे म्हणावयास हरकत नाही.

तंजावरच्या प्रसिद्ध बाहुलीचा आरंभही त्याच्याच काळात झाला असे परंपरेने मानितात. नवरात्रात या प्रदेशात घरोघर पायऱ्यांची मांडणी करून तीवर बाहुल्या ठेवितात. या मांडणीस तमिळ भाषेत कोलू असे नाव आहे, आणि तीत तंजावरच्या बाहुलीला मानाची जागा असते. तिचे दोन प्रकार. एक मांडी घालून बसलेल्या राजाचा अथवा राणीचा. त्याचे बूड गोलाकार असून बोटाने ढकलिले तर बाहुली जमिनीपर्यंत लवते आणि पुन्हा डुलत डुलत ताठ बसते. दुसरी बाहुली नर्तकीची असते. तिचे मस्तक, धड आणि घागरा हे निरनिराळे भाग एकमेकांवर टेकविलेले असतात, आणि वाऱ्याची झुळूक आली तरी ते आपापल्या परीने हलू लागतात.

अशी बाहुली पाहिली की ती घरी करून पाहण्याची इच्छा मुलांना व्हावी हे स्वाभाविक आहे. बसक्या बाहुलीची कृती दिसावयास अतिशय सोपी असते. अंड्याचे रिकामे कवच घ्यावे, बुडाशी वाळू भरावी, वर कागदाचे अथवा मातीचे डोके बसवावे, कागदाचा मुकुट चढवावा आणि रंग द्यावा. हस्तव्यवसायाच्या तासाला ही कृती अनेक शाळांत करवून घेतात. ओरत्तनाडूसारख्या गावी तर खरी बाहुली नमुन्यादाखल घरातच असते. एका दुपारचे काम म्हणून मुले ते हाती घेतात. संध्याकाळी बाहुली तयार होते, तिला मेजावर ठेवितात, आणि ती कुशीवर पडून राहते.

येथून पुढे जे घडते ते बहुतेक ठिकाणी एकाच क्रमाने घडते. मूल असा तर्क करिते की बुडाशी वजन कमी पडले. म्हणून आणखी वाळू घालण्यात येते. बाहुली थोडी सुधारते, निदान सरळ ठेविली तर क्षणभर उभी राहते. मुलाला वाटते, दिशा बरोबर आहे. म्हणून कवच जवळजवळ काठोकाठ भरण्यात येते. आणि आता बाहुली पूर्वीहूनही वाईट रीतीने आडवी होते. वजन वाढविले, तेही ‘खालच्या बाजूस’ वाढविले, आणि तरीही ती अधिक सहज पडू लागली. एवढ्यावर पुष्कळ मुले निराश होऊन बुडाला थोडी माती थापून ते सपाट करितात. मग बाहुली उभी राहते खरी, पण डुलत नाही. ती फुलदाणीसारखी उभी राहते, आणि हे आपल्याला हवे होते ते नव्हे हे मुलालाही पक्के ठाऊक असते.

‘बूड जड आणि गोल असले म्हणजे झाले’ हे स्पष्टीकरण पुष्कळ पुस्तकांतून दिलेले आढळते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि या अपुरेपणापायीच इतक्या बाहुल्या कुशीवर पडल्या आहेत.

खरी गोष्ट दोन बिंदूंची आहे. एक बिंदू सर्वांच्या परिचयाचा. वस्तूचे सारे वजन ज्या ठिकाणी एकवटले आहे असे समजता येते, तो गुरुत्वमध्य. दुसरा बिंदू तितका परिचित नाही. बाहुलीच्या बुडाचा गोलावा हा एखाद्या पूर्ण चेंडूचा तुकडा आहे अशी कल्पना केली, तर त्या चेंडूचा मध्यबिंदू जेथे येईल त्यास वक्रतामध्य म्हणतात. बाहुली कोणत्याही बाजूस कलली तरी हा वक्रतामध्य मेजापासून त्याच उंचीवर राहतो, आणि बूड मेजाला जेथे टेकले असेल त्या ठिकाणाच्या बरोबर वर राहतो. चेंडू गडगडत असताना त्याचा मध्य वर-खाली होत नाही, तीच ही गोष्ट.

आता गुरुत्वमध्य या वक्रतामध्याच्या खाली असला तर काय होईल? बाहुली उजवीकडे कलविली की टेकण्याची जागाही उजवीकडे सरकते, आणि गुरुत्वमध्य मात्र तिच्या डावीकडे मागे राहतो. शिवाय तो पूर्वीपेक्षा किंचित वर उचलला जातो. वजन त्याला खाली ओढू पाहते आणि त्यायोगे बाहुली पुन्हा सरळ होते. गुरुत्वमध्य वक्रतामध्याच्या वर असेल तर नेमके उलट घडते. कलल्याबरोबर तो टेकण्याच्या जागेच्या पलीकडे जातो आणि बाहुलीला आणखी पाडितो. दोन्ही बिंदू एकत्र आले तर बाहुली ठेवाल तशी राहील, जसा चेंडू राहतो. या तीन अवस्थांना अनुक्रमे स्थिर, अस्थिर आणि उदासीन समतोल अशी नावे आहेत. बाहुली उठणार की निजणार हे तिच्या एकंदर वजनावर अवलंबून नाही. दोन बिंदूंपैकी कोणता खाली आहे, एवढाच प्रश्न आहे.

याचा पडताळा प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. कोंबडीच्या मध्यम अंड्याचे रुंद टोक साधारण दोन सेंटिमीटर त्रिज्येच्या चेंडूसारखे असते, म्हणजे ते टोक खाली ठेविले असता वक्रतामध्य मेजापासून दोन सेंटिमीटरांवर येतो. अंडे मात्र साडेपाच सेंटिमीटरांहून अधिक लांब असते, आणि त्याचा गुरुत्वमध्य अडीच सेंटिमीटरांच्या वर असतो. म्हणूनच अंडे उभे राहत नाही. आणि वाळूने काठोकाठ भरलेले कवच म्हणजे दुसरे काय? ते एक जड अंडेच झाले. मुलाने कष्टाने बाहुलीचे पुन्हा अंडे केले, एवढेच.

हा हिशेब आकड्यांनी मांडून पाहण्याजोगा आहे, कारण त्यास गुणाकारापलीकडे काही लागत नाही. तराजूच्या दांडीवर वजन जितके आधारापासून दूर तितका त्याचा जोर अधिक, हे सर्वांना ठाऊक आहे. येथे आधाराच्या जागी वक्रतामध्य धरावयाचा. त्याच्या वर असलेला प्रत्येक भाग बाहुलीला पाडावयास पाहतो, खाली असलेला प्रत्येक भाग उठवावयास. कवचाचे वजन सुमारे ५ ग्रॅम असते व त्याचा गुरुत्वमध्य वक्रतामध्याच्या सुमारे ०.७ सेंटिमीटर वर येतो. गुणाकार साडेतीन. कागदाचे डोके आणि मुकुट मिळून ३ ग्रॅम धरले आणि ते वक्रतामध्याच्या साडेचार सेंटिमीटर वर असले, तर गुणाकार साडेतेरा. पाडणाऱ्या पक्षाची बेरीज १७ झाली. आता उठविणाऱ्या पक्षाने यापेक्षा अधिक जोर लावणे प्राप्त आहे.

कवचात एक सेंटिमीटर उंचीपर्यंत कोरडी वाळू भरली तर ती सुमारे ८ ग्रॅम मावते, आणि तिचा जोर ११ इतकाच होतो. बाहुली पडते. दोन सेंटिमीटरांपर्यंत भरली तर वाळू सुमारे २७ ग्रॅम होते आणि जोर २० पर्यंत जातो. बाहुली कशीबशी उभी राहते. मुलाला आशा वाटते ती याच वेळी. पण आता वाळू वक्रतामध्याच्या पातळीला पोहोचली आहे. यापुढे पडणारा प्रत्येक कण पाडणाऱ्या पक्षाला जाऊन मिळतो. तीन सेंटिमीटरांपर्यंत भरली की वाळूचे वजन ४७ ग्रॅमांवर जाते, आणि उठविण्याचा जोर मात्र २० वरून पुन्हा १० वर उतरतो. हे आकडे अदमासाचे आहेत, प्रत्येक अंडे निराळे असते. तथापि त्यांतून जे दिसते ते प्रत्येक अंड्याला लागू आहे. वाळू भरण्याची एक सर्वोत्तम पातळी असते, ती वक्रतामध्याच्या उंचीवर असते, आणि तिच्यापुढे जाणे म्हणजे मागे येणे होय.

वाळूऐवजी लोखंडाचे लहान तुकडे, उदाहरणार्थ सायकलच्या चाकातील छरे किंवा लहान नटबोल्ट, घेतले तर चित्र पालटते. २० ग्रॅम लोखंड एका सेंटिमीटरहून कमी उंचीत मावते आणि त्याचा जोर सुमारे २७ होतो. सतराच्या विरुद्ध सत्तावीस. बाहुली खात्रीने उठते. पण मुलाने कागदी डोक्याऐवजी मातीचे सुबक डोके केले आणि ते मुकुटासह ८ ग्रॅम भरले, तर वरच्या पक्षाची बेरीज साडेएकोणचाळीस होते आणि लोखंडही हरते. डोके जितके देखणे तितकी बाहुली निजण्याची शक्यता अधिक, हा मुलांना फार अन्यायाचा नियम वाटतो. (जुन्या काळी अशा कामाला शिसे वापरीत. ते विषारी असल्यामुळे मुलांच्या हाती देऊ नये.)

वजनाचा प्रश्न सुटला तरी अडचणी संपत नाहीत. वाळू सुटी ठेविली असेल तर बाहुली कलताच वाळूही त्या बाजूस घसरते, आणि तेथेच राहते. मग गुरुत्वमध्यच मुक्काम हलवितो व बाहुली कललेल्या स्थितीलाच आपले घर समजते. सुट्या वाळूचे कवच हवे तसे तिरपे उभे करून दाखविणे ही जादूगारांची जुनी करामत आहे. त्यांना जे हवे असते तेच बाहुलीला नको असते. म्हणून वजन जागच्या जागी पक्के बसणे अवश्य. यासाठी मेण वितळवून ओततात. मेण गरम पाण्यात ठेविलेल्या भांड्यात वितळवावे, थेट विस्तवावर नव्हे, आणि हे काम मोठ्या माणसाने करावे. मेण थंड होताना आकसते. कवच आतून ओले राहिले असेल, किंवा आतील पातळ पापुद्रा नीट निघाला नसेल, तर मेणाचा गोळा सुटा होऊन आत खुळखुळू लागतो, आणि पुन्हा वाळूचीच कथा.

शिवाय मेण थिजत असताना कवच किंचित जरी तिरपे असले तर वजन एका बाजूस थिजते आणि बाहुली जन्मभर मान वाकडी करून बसते. कवच बांगडीवर टेकवून सरळ धरण्याची युक्ती चांगली आहे, पण अंड्याचे टोक नेमके वर आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. यावर सोपा उपाय आहे, आणि तो फारच थोड्यांना सुचतो. मेण थिजल्यावर कवच मेजावर सोडून द्यावे, त्याला हवे तसे डुलू द्यावे, आणि ते स्थिरावले म्हणजे त्याचा सर्वांत वरचा बिंदू पेन्सिलीने खुणावा. डोके बसवावयाचे ते अंड्याच्या टोकावर नव्हे, या खुणेवर.

डुलण्याचा वेग हाही एक निराळा विषय आहे. उठविणारा जोर पाडणाऱ्या जोरापेक्षा फार अधिक झाला तर बाहुली उठते, पण थरथरत, घाईघाईने, एखादा भित्रा मनुष्य खुर्चीवरून उठावा तशी. दोन्ही जोरांत अंतर थोडे असेल तर ती संथ डुलते, लवून क्षणभर थांबल्यासारखी होते आणि मग सावकाश सरळ होते. तंजावरच्या बसक्या राणीचा सारा रुबाब या संथपणात आहे. म्हणजे असे की, उत्तम बाहुली आणि पडणारी बाहुली या एकमेकींच्या अगदी शेजारी राहतात. कारागीर बाहुलीला सुरक्षिततेपासून दूर, पडण्याच्या सीमेपर्यंत नेतो आणि तेथे थांबतो. मुलाला जे साधत नाही ते हेच थांबणे. जहाजे बांधणारेही हाच व्यवहार करितात. तळाशी फार भार घातलेले जहाज बुडत नाही, पण लाटेवर असे हिसके देते की खलाशी हैराण होतात, आणि भार फार वर गेला तर १६२८ साली स्टॉकहोमच्या बंदरात ‘वासा’ नावाचे नवे कोरे युद्धनौकेचे धूड पहिल्याच सफरीत कलंडले तसे होते. पेंढा उंच रचलेली बैलगाडी कालव्याच्या वळणावर जपून हाकणाऱ्या गाडीवानाला हे शिकवावे लागत नाही.

तंजावरचा कारागीर आकडेमोड करीत नाही. तो साच्यांवर काम करितो. परंपरागत पद्धतीत बाहुलीचे वरचे अंग कागदाच्या लगद्याचे किंवा खळीने एकावर एक चिकटविलेल्या कागदांचे असते, आणि बुडाशी जाड माती असते. वर हलके आणि खाली जड ही विभागणी सामग्रीतच झालेली असते. साच्यातून निघालेली अंगे वाळवून जोडितात, घासून गुळगुळीत करितात, वर खडूच्या भुकटीचा लेप देऊन पुन्हा घासतात, आणि मग रंग. एकाच साच्यातून शेकडो बाहुल्या निघत असल्यामुळे कागदाचा थर किती जाड आणि माती किती हे हाताला पाठ झालेले असते. ज्याला एकच बाहुली करावयाची आहे त्या मुलाला ही सवलत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याच्यासाठी पहिला प्रयोग आणि शेवटचा नमुना एकच असतो.

कारागिराला मात्र दुसऱ्या एका शत्रूशी झगडावे लागते. तंजावर जिल्ह्यात बराचसा पाऊस ईशान्येकडून वाहणाऱ्या वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो, आणि बाहुल्यांना मागणी येते ती नवरात्रात, म्हणजे या पावसाच्या तोंडावर. ओला लगदा सावकाश व सारखा वाळावा लागतो. एका बाजूस आधी वाळला तर ती बाजू आकसून बाहुली मुरडते, दमट राहिला तर जड राहतो, आणि हे जडपण नको तेथे, वरच्या अंगात असते. म्हणून कारागिराला बाहुल्या उन्हाच्या दिवसांत करून ठेवणे भाग पडते. मुले मात्र कोलू मांडण्याची वेळ आली की जागी होतात, आणि ढगाळ हवेत केलेली त्यांची बाहुली आज पडली तरी वाळल्यावर आठवड्याने आपोआप उभी राहू लागते, असा चमत्कार क्वचित पाहावयास मिळतो. तो चमत्कार नव्हे, डोक्यातील पाणी उडून गेलेले असते.

२००८-०९ मध्ये तंजावरच्या बाहुलीची भौगोलिक निर्देशांकाखाली नोंद झाली. या नावाने दुसरीकडची बाहुली विकण्यास त्यामुळे कायद्याने आडकाठी आली आहे. प्लास्टिकच्या स्वस्त डुलत्या बाहुल्यांना आडकाठी करणारा कायदा नाही, आणि बाजारात त्यांचीच गर्दी असते. त्या सर्व सारख्याच वेगाने डुलतात.

नर्तकीच्या बाहुलीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ती सोपी दिसत नाही पण मुलांना पुष्कळदा तीच आधी साधते. तिच्या मस्तकाच्या आत एका तारेचे टोक असते व सारे मस्तक त्यावर टोपीसारखे टांगलेले असते. येथे गोलाव्याचा प्रश्न नाही. गुरुत्वमध्य टेकूच्या टोकाखाली असला म्हणजे पुरे. म्हणून मस्तकाखाली गळ्याचा भाग लांब ठेवून त्याच्या कडेला थोडे वजन लाविले की मस्तक डोलू लागते. टेकूवर खळीचा एक थेंब सांडला तर मात्र सारे ठप्प होते.

खळीचा थेंब ही क्षुल्लक बाब वाटेल. बसक्या बाहुलीच्या बुडावर कागदाच्या पट्ट्या चिकटविताना जेथे दोन पट्ट्या एकमेकींवर येतात तेथे बारीक उंचवटा राहतो, आणि त्याच्या शेजारी तितकाच बारीक सपाट भाग. मग बूड हा चेंडूचा तुकडा राहत नाही. डुलता डुलता बाहुली त्या सपाट जागी येते आणि तिरपी थांबते. बोटाला न जाणवणारा उंचवटा तिला जाणवतो. मूल पुन्हा वजनात दोष शोधू लागते, आणि दोष असतो खळीच्या थेंबात.

याच थेंबाने अलीकडे बुडापेस्ट येथील गणितज्ञांनाही अडविले. त्यांची कथा बाहुलीपासून दूर नाही. आतून सर्वत्र सारख्याच घनतेची, कोठेही खोलगट नसलेली, आणि तरीही कशीही टाकिली असता एकाच स्थितीत येऊन बसणारी वस्तू असू शकेल काय? त्या वस्तूला स्थिर समतोल एकच असावा आणि अस्थिरही एकच, असा हा प्रश्न होता. थोडक्यात, बुडाशी काहीही न भरिता बाहुली करता येईल काय? रशियन गणितज्ञ व्लादिमीर आर्नोल्ड यांनी १९९५ साली अशी वस्तू असावी असे अनुमान केले. हंगेरीतील गाबोर दोमोकोश समुद्रकिनाऱ्यावरील दोन हजार गोटे तपासून बसले. एकही तसा निघाला नाही. पुढे २००६ साली त्यांनी आणि पीटर वार्कोनी यांनी ती वस्तू सिद्ध केली. तिला गोम्बोत्स म्हणतात. तिचा आकार इतका अचूक व्हावा लागतो की दहा सेंटिमीटरांच्या नमुन्यात एका मिलिमीटरचा दहावा हिस्सा चुकला तरी ती नीट चालत नाही. तिच्याशी मिळताजुळता आकार निसर्गात आढळला तो दक्षिण भारतात राहणाऱ्या, पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेल्या कासवाच्या ढालीत. उताणे पडलेले हे कासव आपल्या पाठीच्या आकाराच्या बळावर बरेचसे उलटते, पाय आणि मान शेवटचा हातभार लावितात.

याहून कठीण प्रश्न गोलाव्याशिवायच्या वस्तूचा होता. चार त्रिकोणी पृष्ठांची वस्तू, म्हणजे चतुष्फलक, कशीही ठेविली तरी एकाच पृष्ठावर येऊन बसेल काय? घनता सर्वत्र सारखी असेल तर हे अशक्य आहे हे जॉन कॉनवे यांनी दाखवून दिले होते. वजन हवे तेथे घालण्याची मुभा असेल तर ते शक्य असावे असेही त्यांना वाटे. कॅनडातील रॉबर्ट डॉसन यांनी १९८० च्या दशकात बांबूच्या बारीक चिरलेल्या काड्या आणि शिशाचा पातळ पत्रा घेऊन असा एक नमुना घरगुती रीतीने केला होता. नीट पाहता ही तंजावरच्या बाहुलीचीच कृती आहे: वरचे अंग हलके, एके ठिकाणी जड. त्यानंतर कित्येक वर्षे हा विषय मागे पडला. २०२५ साली दोमोकोश, त्यांचा विद्यार्थी गेर्गो अल्मादी आणि डॉसन यांनी कार्बनच्या तंतूंच्या पोकळ नळ्या आणि टंगस्टनची अतिशय जड मिश्रवस्तू वापरून पक्का नमुना घडविला. तो पन्नास सेंटिमीटर लांब आहे आणि वजनाने अवघा १२० ग्रॅम. त्यात एका ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाचीही चूक खपत नाही. प्रथम जोडला तेव्हा तो चालला नाही. अनेक वेळा पाहिल्यावर एका कोपऱ्यावर सांडून राहिलेला चिकट द्रव्याचा गोळा दृष्टीस पडला. तो खरवडून काढिला आणि वस्तू उलटत उलटत आपल्या पृष्ठावर येऊन बसली.

ओरत्तनाडूच्या मुलाला एवढी अचूकता लागत नाही, पण क्रम तोच पाळावा लागतो. प्रथम कवचाच्या निमुळत्या टोकाला बोट जाईल एवढे भोक पाडून आतील द्रव काढावा, पापुद्रा सोडवावा, आत धुवून दोन दिवस वाळू द्यावे. मग २० ग्रॅम लोखंडी छरे आणि त्यांवर ते जेमतेम बुडतील इतके मेण, अधिक नाही. थिजल्यावर डुलवून वरची खूण करावी. कागदाचे डोके आणि मुकुट आधी निराळे करून, वाळवून, रंगवून तयार ठेवावे, कारण रंगालाही वजन असते. ते थोड्या मेणाने खुणेवर नुसते टेकवून पाहावे. बाहुली पडली तर मुकुटाची उंची कात्रीने कमी करीत जावे, एका वेळी थोडीशी, आणि प्रत्येक वेळी पुन्हा ढकलून पाहावे.

या कापण्यात एक क्षण असा येतो की कुशीवर ठेविलेली बाहुली उठत नाही, पण पडूनही राहत नाही. ती अर्धवट उठून थबकते, पुन्हा लवते, आणि फार सावकाश डुलत राहते. कात्री खाली ठेवावयाची वेळ जवळ आली आहे हे त्यावरून समजते. अजून नखाएवढा कागद कापावयाचा असतो.